ताटाची डावी बाजू, मेंदूची उजवी

नौपाडाकर

नमस्कार मंडळी. या संस्थळावर बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा काढायची वेळ घरच्या कारणाने आली.

अण्णांना (माझे वडील, वय ७४, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त) उन्हाळ्यात पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात, मागच्या-वरच्या बाजूला रक्तपुरवठा तुटला. जिवावरचं निभावलं. बोलणं स्वच्छ, स्मरण शाबूत, पेन्शनचा हिशेब तोंडावर. डावा हात मात्र लुळा, आणि चालणं काठीवर.

घरी आणल्यावर जेवायला बसले आणि म्हणाले, "काय हो, या घरात चटणी-कोशिंबीर करायची बंद केली का?" ताटात लिंबू, मीठ, खोबऱ्याची चटणी, काकडीची कोशिंबीर सगळं होतं. डावीकडे, जिथे वाढायचं तिथेच. उजवीकडची भाजी-आमटी चाटूनपुसून संपली होती. पोळीसुद्धा उजवी अर्धी खाल्लेली, डावी अर्धी तशीच. बायकोने काही न बोलता ताट गर्रकन फिरवलं. "हां, आली वाटतं," म्हणून अण्णा चटणीला लागले.

आम्हाला वाटलं नजर गेली. नेत्रतपासणी झाली, डोळे ठीक. डॉक्टर म्हणाले, याला निग्लेक्ट म्हणतात. डोळ्यांतून सगळं आत जातं, पण डावीकडचं लक्षाच्या खात्यात जमाच होत नाही. दाढी उजव्या गालाची होते. परवा पेपर मोठ्याने वाचत होते, "राष्ट्रात पावसाचा जोर, मुंबईत पाणीकपात." मथळा होता महाराष्ट्राचा आणि नवी मुंबईचा! घड्याळ काढायला सांगितलं तर गोल झकास काढतात आणि बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबतात. आयुष्यभर सूतभर फरक नुसत्या नजरेने पकडणारा माणूस, त्याला ते घड्याळ बरोबर वाटतं.

मग वाचत गेलो. १९७८ साली मिलानमध्ये बिझियाक आणि लुझ्झाती या दोघांनी अशाच रुग्णांना एक गोष्ट विचारली. तुम्ही शहरातल्या मोठ्या चौकात कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात अशी कल्पना करा आणि काय काय दिसतं ते सांगा. रुग्णांनी बहुतेक उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. मग म्हणाले, आता पलीकडे जा, कॅथेड्रलच्या दारात उभे राहा, चौकाकडे तोंड करा. आता मघाशी गाळलेल्या इमारती धडाधड आल्या, आणि मघाशी सांगितलेल्या गायब.

मी हे अण्णांवर करून पाहिलं. ठाण्याच्या गोखले रोडवर जन्म गेला त्यांचा. हरिनिवासकडून स्टेशनकडे चालवत नेलं, मनातल्या मनात. एका हाताचीच दुकानं सांगितली. चष्मेवाला, बँक, मिठाईवाला, वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरची पाटीसुद्धा. मग स्टेशनकडून परत चालवलं. दुसऱ्या हाताची सगळी दुकानं आली. म्हटलं, "आणि मिठाईवाला?" तर म्हणाले, "तो या रस्त्याला कुठे आहे?"

म्हणजे अख्खा गोखले रोड आत कुठेतरी जपलेला आहे. फक्त बघणारा उजवीकडचाच बघतो, आणि आपण अर्धंच बघतोय हे त्याला कळत नाही. आंधळ्याला निदान अंधार असतो. अण्णांना काहीच कमी वाटत नाही. मला यातलं हेच झोपू देत नाही.

जाणकारांनी लिहावं. सहानुभूती घरी भरपूर मिळते आहे, इथे माहिती हवी.

सीवूड्सवाली

बापरे. वाचनखूण साठवली. माझ्या मावससासूबाई अशाच व्हीलचेअरचं डावं चाक प्रत्येक दाराला आपटायच्या आणि दार अरुंद केलं म्हणून सुनेवर डाफरायच्या. सुनेने सहा महिने ऐकून घेतलं बिचारीने. कारण असं असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

शब्दवेल्हाळ

मी नेरुळला वाचा-उपचार करते. माझ्याकडे दुसऱ्या बाजूची माणसं येतात, म्हणजे डाव्या मेंदूला इजा झालेली. त्यांची बाजू शाबूत, शब्द गेलेले.

एक निवृत्त मुख्याध्यापक होते. (तपशील बदलून लिहिते आहे.) झटक्यानंतर तोंडातून फक्त "तेच तेच" निघायचं. पाणी हवं, तेच तेच. नातू आला, तेच तेच. समजायचं मात्र सगळं, विनोदावर हसायचे. १८६१ मध्ये पॅरिसला ब्रोका या सर्जनने असाच रुग्ण तपासला होता. तो कशालाही "तान" एवढंच म्हणायचा, म्हणून दवाखान्यात त्याचं नावच तान पडलं होतं. मेल्यावर मेंदू पाहिला तर डाव्या पुढच्या भागात खड्डा.

तर आमच्या सरांना मी म्हटलं, एक ते दहा म्हणू या. मी "एक" म्हटलं, आणि त्यांनी घडाघडा दहापर्यंत नेलं. बेचा पाढा आला. गणपतीची आरती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत आली, चालीसकट. आणि पलंगाच्या कडेला अंगठा आपटला तेव्हा अस्सल शिवी! बाई म्हणाल्या, चाळीस वर्षांच्या संसारात कधी ऐकली नव्हती. पण "पाच म्हणा" म्हटलं की गाडी अडली. एकपासून चढत आल्याशिवाय पाच हाती लागत नाही.

म्हणजे पाठ झालेलं, रागाने सुटलेलं आणि विचार करून जुळवलेलं, हे सगळं आपण बोलणंच म्हणतो, पण आत त्याची सोय एकाच जागी नाही. चालीवर शब्द बसवून बोलायला शिकवण्याची पद्धत १९७३ पासून आहे, ती याच आधारावर. सगळ्यांना लागू पडत नाही, पण ज्यांना पडते त्यांच्या घरचे रडतात.

दोन भाषा येणाऱ्यांचं आणखी वेगळं. वाशीच्या मार्केटमधले एक व्यापारी, घरात कच्छी, धंद्यात मराठी-हिंदी. आधी परत आली ती धंद्याची मराठी. बायको हिरमुसली. १८९५ मध्ये पित्र या फ्रेंच डॉक्टरांनी म्हटलं होतं की जास्त वापरातली भाषा आधी परतते. त्याआधी रिबो म्हणाले होते, लहानपणी शिकलेली आधी. माझ्याकडे दोन्ही प्रकार येतात, आणि दोन्ही नियम मोडणारेही.

पारसिक_बोगदा

धागा उत्तम, पण एक खोच मारतो.

अमुक भाग बिघडला आणि तमुक गोष्ट गेली, म्हणून तो भाग तमुक गोष्ट करतो, ही उडी मला पटत नाही. मी रोज ठाणे-सीएसएमटी करतो. कळव्याला सिग्नल बिघडला की ठाण्याच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. म्हणून कळवा हे ठाण्याची गर्दी आवरायचं केंद्र आहे असं कोणी म्हणतं का? मेंदूवाले नेमकं हेच म्हणतात. इथे खड्डा, सबब इथे भाषा.

निवृत्त_मास्तरीण

पारसिक, खोच रास्त आहे आणि जुनीही आहे. ठाण्यात बरीच वर्षं मानसशास्त्र शिकवलं, दर वर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी हे विचारायचंच. (तो मुलगा बहुधा कल्याणहून यायचा.) मोनाकोव्ह या शास्त्रज्ञाने १९१४ मध्येच लिहिलं होतं की इजा एकीकडे होते आणि तिच्याशी जोडलेला लांबचा धडधाकट भागही गप्प बसतो. तुमचं कळवा-ठाणेच ते.

पण तुमचीच रेल्वे पुढे नेते. एके दिवशी धीम्या गाड्या बंद, जलद चालू. एवढ्यावरून काही ठरत नाही, कदाचित धीम्या जास्त नाजूक असतील. पण दुसऱ्या दिवशी दुसरीकडे बिघाड होतो आणि जलद बंद, धीम्या चालू. आता मात्र मानावं लागतं की रूळ वेगळे आहेत. १९५५ मध्ये ट्यूबर यांनी ही उलटसुलट जोडीची अट घातली. एकटा रुग्ण पुरत नाही, त्याचा उलटा भाऊ सापडावा लागतो.

आता जोडी बघा. हेन्री मोलेसन, अमेरिकन. अपस्मार औषधांना दाद देईना म्हणून १९५३ मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, स्कोव्हिल या सर्जनने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आणि आसपासचा भाग काढला. झटके कमी झाले, पण नवी आठवण टिकेना. तुम्ही सांगितलेले पाच-सहा आकडे लगेच बिनचूक परत म्हणायचा. तुम्ही खोलीबाहेर जाऊन आलात की पुन्हा नव्याने ओळख. हयातभर जगाला तो एच. एम. या आद्याक्षरांनीच माहीत होता, २००८ मध्ये वारला तेव्हा नाव बाहेर आलं.

त्याचा उलटा भाऊ इंग्लंडात, के. एफ. शॅलिस आणि वॉरिंग्टन यांनी १९७० च्या सुमारास तपासला. याला दोन आकडे सांगा, दुसरा निसटलाच. पण कालपरवाचं, गेल्या महिन्यातलं सगळं लक्षात. तोपर्यंत पुस्तकात होतं की आठवण आधी तात्पुरत्या खणात जाते, तिथून कायमच्या. तात्पुरता खणच फुटलेल्या माणसाचा कायमचा भरतो कसा? पुस्तक बदलावं लागलं. निरोगी माणसांवर शंभर प्रयोग करून हे दिसलं नसतं, कारण आपल्यात दोन्ही गाड्या वेळेवर धावतात.

पारसिक_बोगदा

"वेळेवर धावतात" याला आक्षेप. बाकी पटलं.

तीन_हात_नाका

फिनिअस गेज कोणीच कसा आणला नाही? डोक्यातून पहार आरपार गेली तरी जगला, पण साधा सरळ माणूस पार दारुडा-गुंड झाला. मेंदूचा पुढचा भाग म्हणजे संस्कार, विषय संपला.

निवृत्त_मास्तरीण

नाक्यावरच थांबा जरा. १८४८ मध्ये व्हरमाँटला रेल्वेच्या कामावर सुरुंग ठासताना झालं ते. पहार मीटरभराहून थोडी लांब, सहा किलोची. स्वभाव बिघडल्याचं त्याच्या डॉक्टरांनी नोंदवलंय हे खरं. शिवराळ झाला, धरसोड झाला. पण त्यानंतर तो चिलीत गेला आणि काही वर्षं सहा घोड्यांची प्रवासी गाडी हाकत होता. वेळापत्रक, उतारू, परका मुलूख. हे गुंडाचं काम नाही. १८६० मध्ये वारला. दारुडा वगैरे पदर पुढच्या लोकांनी लावलेत. अपघातानंतर माणूस सावरू शकतो, हा भाग गोष्टीत बसत नाही म्हणून गळतो.

नौपाडाकर

सगळ्यांचे आभार. एक राहिलं होतं ते लिहितो.

डावा हात लुळा आहे हे अण्णा मान्यच करत नाहीत. फिजिओ म्हणाली, दोन्ही हात वर करा. उजवा वर गेला. "डावा?" "केला की." "दिसत नाही हो काका." "मग तुझा चष्मा बदल." दुसऱ्या दिवशी म्हणाले, हात आखडलाय, तेल लावलं नाही कोणी. तिसऱ्या दिवशी, कंटाळा आलाय. खोटं बोलणारा माणूस नाही हो तो. आणि बोलताना चेहऱ्यावर खोट्याची रेषाही नसते.

निवृत्त_मास्तरीण

ते खोटं नाहीच. बाबिन्स्की यांनी १९१४ मध्ये याला अनोसोग्नोझिया असं नाव दिलं. उजव्या मेंदूच्या इजेत हे जास्त दिसतं. हिंमत धरून नाकारणं वेगळं आणि हे वेगळं. हात हलला की नाही याचा ताळा करणारी यंत्रणाच बंद आहे. 'हलव' असा हुकूम सुटला, फेरतपासणी झाली नाही, म्हणून हलला असं धरलं.

आणि कारणं कुठून येतात त्याचा एक प्रयोग आहे. ज्यांच्या दोन मेंदूगोलार्धांमधला पूल अपस्मारासाठी कापला होता अशा लोकांवर स्पेरी आणि गझानिगा यांनी काम केलं. स्पेरींना १९८१ चं नोबेल मिळालं. गझानिगांनी पुढे अशाच एका मुलाच्या डाव्या मेंदूला कोंबडीचा पाय दाखवला, उजव्याला बर्फाने भरलेलं अंगण. मग समोरच्या चित्रांतून निवड म्हटलं. उजव्या हाताने (तो डाव्या मेंदूच्या ताब्यात) कोंबडी निवडली, डाव्या हाताने (तो उजव्याच्या) फावडं. फावडं का? बोलणारा डावा मेंदू, त्याने बर्फ पाहिलेलाच नाही. "माहीत नाही" म्हणायला हवं होतं. मुलगा क्षणभरही न अडखळता म्हणाला, खुराडं साफ करायला फावडं लागतंच की.

नौपाडाकर, तेल लावलं नाही, कंटाळा आलाय, हे त्याच मुशीतलं आहे. मला तर वाटतं हा कारणं देणारा आपल्या सगळ्यांत बसलेला आहे. आपली कारणं बहुधा खरी निघतात म्हणून तो पकडला जात नाही, इतकंच.

जुना_कोपरीकर

आमच्या लहानपणी कोपरीत एक गृहस्थ होते. अपघातात डोक्याला मार लागल्यावर म्हणायचे, ही माझी बायको नाही, तिच्यासारखी दिसणारी कोणी बाई घरात घुसली आहे. गल्लीत एकच वाक्य, याला आता आपल्याच गावातल्या मोठ्या हॉस्पिटलात न्या. बाहेरगावचे लोक "ठाण्याला पाठवा" म्हणून ज्याची थट्टा करतात ते. आम्हा ठाणेकरांना तेही नीट म्हणता येत नाही.

निवृत्त_मास्तरीण

याला कापग्रा म्हणतात. फ्रान्समध्ये १९२३ मध्ये वर्णन झालं. चेहरा ओळखणं आणि ओळखीचा चेहरा पाहून आत काहीतरी हलणं, या दोन वाटा. पहिली शाबूत, दुसरी तुटलेली. चेहरा बायकोचा, पण आत काही हललं नाही, मग ही तोतया. सॅन दिएगोचे रामचंद्रन (मूळचे तामिळनाडूचे) यांचा असा एक रुग्ण आईवडिलांना समोर पाहिल्यावर तोतये म्हणायचा, पण फोनवर त्यांना आईबाबाच मानायचा. कानाची वाट तुटली नव्हती.

जुना_कोपरीकर

फोन तेव्हा गल्लीत एकच होता, वाण्याकडे. कोणाला सुचणार?

मग आता विचारतोच. आत्म्याचं काय? हे सगळं वाचून तो उरतो का?

पारसिक_बोगदा

झालं. आता प्रतिसादांची शंभरी नक्की.

शब्दवेल्हाळ

काका, आत्म्याचा निकाल माझ्या दवाखान्यात लागणार नाही. पण एक सांगते. आत कोणीतरी मालक बसलाय आणि तो सगळ्या खोल्यांवर नजर ठेवून आहे, हे चित्र मात्र रोज माझ्यासमोर मोडतं. एक खोली बंद पडली तर मालकाला कळायला हवं ना? अण्णांच्या मालकाला कळलं नाही. १९८८ मध्ये मार्शल आणि हॅलिगन यांनी निग्लेक्ट असलेल्या एका बाईंना एकाखाली एक दोन घरांची चित्रं दाखवली, एकाच्या डाव्या बाजूने ज्वाळा निघतायत. दोन्ही घरं सारखीच, असं त्या म्हणाल्या. कुठल्यात राहाल, तर बहुतेक वेळा न जळणारं घर दाखवायच्या, आणि वर म्हणायच्या, काय वेड्यासारखं विचारता, दोन्ही सारखीच तर आहेत. म्हणजे ज्वाळा कोणालातरी दिसल्या. बोलणाऱ्या बाईंना सोडून.

सीवूड्सवाली

काटा आला अंगावर.

बरं, नौपाडाकर, एका व्हिडिओत पाहिलं, कानात गार पाणी घातलं की हे बरं होतं म्हणे?

फिजिओ_सानपाडा

ताई, कृपा करून घरी कोणी करू नका! डाव्या कानात बर्फाचं पाणी सोडल्यावर तोल सांभाळणारी यंत्रणा चाळवते, नजर डावीकडे ओढली जाते, आणि काही रुग्णांना थोडा वेळ डावी बाजू कळते. काहींनी तर तेवढ्यापुरतं "हात लुळा आहे" असंही कबूल केलंय. परिणाम ओसरला की पुन्हा पहिले पाढे. प्रयोगात झालेलं आहे, खरं आहे, पण गरगर, उलट्या, आणि पडद्याला भोक असेल तर नसतं लचांड.

घरी करायचं ते साधं. ताटाच्या डाव्या कडेला जाड लाल पट्टी चिकटवा. "लाल दिसेपर्यंत मान वळवा" हे वाक्य दर जेवणाला. वर्तमानपत्राच्या डाव्या मार्जिनला तीच पट्टी. बोलायला डावीकडून जा, पण आधी आवाज द्या, एकदम हात लावू नका, दचकतात. ताट फिरवून देऊ नका (वहिनींची माया समजते), मानेला काम राहत नाही. लुळा हात गरम तव्याजवळ किंवा चाकाच्या आऱ्यात जाणार नाही हे मात्र तुम्हीच बघा, त्यांना कळणार नाही. बऱ्याच जणांत पहिल्या काही महिन्यांत निग्लेक्ट कमी होतो.

आणि एक, प्रिझमचा चष्मा. १९९८ मध्ये फ्रान्समध्ये रोसेत्ती आणि मंडळींनी केलेलं काम. या चष्म्यातून सगळं दहा अंश उजवीकडे सरकलेलं दिसतं. रुग्णाला समोरच्या खुणेवर बोट ठेवायला सांगायचं. आधी बोट उजवीकडे चुकतं, मग हात आपोआप डावीकडे भरपाई करायला शिकतो. पाच मिनिटांत चष्मा काढला की ती डावीकडची ओढ उरते, आणि त्यांच्या रुग्णांत चित्र काढणं, वाचणं दोन तासांनंतरही सुधारलेलं होतं.

पारसिक_बोगदा

हातच शिकला, अण्णांना न कळवता?

फिजिओ_सानपाडा

हो. बऱ्याच रुग्णांना तर चष्म्याने काही सरकलं होतं हेही जाणवत नाही.

निवृत्त_मास्तरीण

मोलेसनचंच. आरशात बघून चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायची, हे मॉन्ट्रियलच्या ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला तीन दिवस करायला लावलं. रोज हात सुधारत गेला. आणि रोज तो म्हणायचा, हे मी कधी केलेलं नाही.

नौपाडाकर

फिजिओ, चष्मा ठाण्यात मिळतो का? आणि पुढे कोणाला फायदा झाला का खरंच, की एवढंच?

फिजिओ_सानपाडा

पुढच्या चाचण्यांचे निकाल संमिश्र आहेत, खोटी आशा लावत नाही. काहींना छान, काहींना शून्य. पण महाग नाही आणि त्रासही नाही, म्हणून मी करून बघते. आधी अण्णांच्या न्यूरोलॉजिस्टना विचारा. चष्मा कुठे बनवून मिळेल ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, इथे दुकानाचं नाव टाकलं की जाहिरात म्हणून धागा उडवतील.

नौपाडाकर

व्यनि मिळाला. लाल पट्टी आणली आहे. स्टेशनरीवाल्याने विचारलं, गाडीच्या नंबरप्लेटला का? म्हटलं, ताटाला.

पारसिक_बोगदा

मास्तरीणबाई, के. एफ. बद्दल आणखी लिहा ना. वेगळा धागा काढलात तरी चालेल, इथे कोपरीकरकाका आत्मा सोडणार नाहीत.